एकटीचं पातेलं

भटकंतीच्या गटात घेण्याआधी तो चालवणाऱ्या काकांनी मला फोनवर दोनच प्रश्न विचारले. पाठीचं काही दुखणं आहे का, आणि भाकरी येते का. पहिल्याला मी नाही म्हणाले, दुसऱ्याला हो. दोन्ही उत्तरं खरी होती. दुसऱ्याला खोटं बोलले असते तर पुढचं बरंच टळलं असतं, असं मला अजून वाटतं.

मी लातूरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. बाटल्या भरायच्या, बर्नर लावून द्यायचे, पोरांनी फोडलेल्या नळ्यांच्या काचा उचलायच्या. मुलगा शिकायला पुण्याला गेला तेव्हा मी त्रेचाळीस वर्षांची होते. घरात नवरा आणि मी. मी सकाळी रिंगरोडवर चालायला लागले, आणि दोन किलोमीटरचे आठ कधी झाले ते कळलं नाही. चालताना डोकं रिकामं व्हायचं, ते मला हवं होतं. कॉलेजातल्या एका सरांनी या गटाचं सांगितलं. नांदेड-लातूरची दहा-बारा माणसं, महिन्या-दोन महिन्यांनी पाठीवर सॅक घेऊन दोन दिवस रानात चालतात, तंबूत झोपतात, स्वतः शिजवून खातात. "आपलं बिऱ्हाड आपल्या पाठीवर" हे त्यांचं वाक्य मला फार आवडलं. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "जा की. फकस्त दोन दिवसाचं करून ठेव."

मी करून ठेवलं. भाजीचे डबे फ्रिजात लावले, पोळ्या कापडात गुंडाळून ठेवल्या आणि पहाटेच्या एसटीने नांदेड गाठलं. तिथून रेल्वेने हिमायतनगर.

स्टेशनवर काका भेटले. भूमी अभिलेखमधून निवृत्त झालेले मोजणीदार, बांधा काटक, वय पासष्टच्या आसपास. चालताना पावलं मोजायची त्यांची सवय सुटली नव्हती. त्यांच्या शेजारी बँकेतल्या मॅडम उभ्या होत्या. पन्नाशीच्या, नांदेडच्या, पायात जुने पण भारी बूट, आणि सॅकला मागून एक मोठं ॲल्युमिनियमचं पातेलं उलटं बांधलेलं. बाकीचे नऊ पुरुष. मॅडमनी मला वरून खाली बघितलं आणि विचारलं, "सॅक नवी हाय का?"

"हो."

"दिसूनच राहिलं," त्या म्हणाल्या आणि पुढे चालू लागल्या.

पैनगंगेच्या काठाने आम्ही दिवसभर चाललो. सागाची पानं ताटाएवढी, पायाखाली चुरचुर वाजणारी. नोव्हेंबरचं ऊन होतं. मी मागे पडले नाही, उलट दुपारनंतर पुढच्या चौघांत होते. इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. चारच्या सुमारास नदीकाठच्या एका पडीक शेतात मुक्काम ठरला. मालकाला आधीच विचारलेलं होतं. मी सॅक उतरवली, बूट काढले, पाय लांब केले. तेवढ्यात माझ्या मांडीजवळ कांद्यांची पिशवी येऊन पडली. काकांनी टाकली होती.

"चला ताई, लागा कामाला."

मला वाटलं सगळेच लागतील. मी इकडेतिकडे बघितलं. पुरुष चटया अंथरत होते. एकाने मोबाइलवर गाणी लावली होती. काका पालथे झोपून कंबरेला ताण देत होते.

मी विचारलं, "पाळी कशी असते इथं?"

"पाळी कसली?" काका हसले. "तुम्ही दोघी हायेत की. आम्ही सरपण आणतो, पाणी आणतो. ज्याला जे येतं ते त्यानं करायचं. रानात आल्यावर अहंकार सोडावा, ताई."

पहिलीच वेळ होती. मी कांदा चिरायला बसले तर मॅडमनी हातातली सुरी काढून घेतली. "एवढा जाड? हे काय हॉटेल हाय?" मग पीठ मळायला घेतलं तर पाणी जास्त झालं म्हणाल्या. मी थापलेली भाकरी त्यांनी तव्यावरून उचलून सगळ्यांसमोर उजेडाकडे धरली आणि म्हणाल्या, "लातूरकडं अशाच करतात का? नकाशा दिसून राहिला ह्याच्यात." नऊ पुरुष हसले. मी बावीस वर्षं भाकरी थापते. माझ्या भाकरीला देवणीत माझ्या आईने नाव ठेवलं नाही, लातूरला सासूने ठेवलं नाही. त्या नदीकाठी मला घाम फुटला तो चुलीचा नव्हता.

जेवण झाल्यावर पातेलं आम्ही दोघींनीच घासलं. मी राखेने, त्या वाळूने.

दुसरी भटकंती किल्लारीकडे, तेरणेच्या काठाने. तिथंही तेच. फक्त या वेळी मी तोंड उघडलं. मुक्कामाला पोहोचल्याबरोबर सगळ्यांच्या मधे उभी राहिले आणि म्हणाले, "मी इथं चालायला आले. घरी रोजच करते. सगळ्यांनी पाळीनं करायचं असेल तर माझीही पाळी लावा. नसेल तर मी फक्त माझ्यापुरतं करीन."

काका चष्मा पुसत म्हणाले, "ताई, इथं पंगत एक असती. आमच्यात आपपरभाव न्हाई."

"मग कांदे तुम्ही चिरा."

"मला येत न्हाई."

"मला पण तंबू लावता येत नव्हता. शिकले."

मॅडम तीन दगड मांडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "सोडा काका. ज्याचं त्याच्यापाशी. मी करते सगळ्यांचं. सहा वर्षं करूनच राहिले की." मला वाटलं होतं निदान ही बाई माझ्या बाजूने बोलेल. त्या वाक्याने मला जेवढा राग आला तेवढा काकांच्या कांद्यांनीही आला नव्हता.

त्या दिवशी माझ्याकडे वेगळं काही नव्हतं म्हणून मी घरून आणलेली धपाटी खाऊन पडले. लातूरला परतल्यावर मात्र पहिलं काम केलं ते हे, की एक लहान गॅस बर्नर घेतला, एका माणसापुरतं झाकणाचं पातेलं घेतलं, आणि घरी येसर भाजून बाटलीत भरला. आमच्याकडे येसर म्हणजे भाजलेल्या धान्यांची आणि मसाल्यांची पूड. उकळत्या पाण्यात दोन चमचे टाकले की दहा मिनिटांत आमटी. त्यात घरची भाकर कुस्करायची. एका माणसाचं जेवण, कुणाच्या हाताखाली न जाता.

नवऱ्याने ते पातेलं ओट्यावर बघून विचारलं, "एवढुसं कुणाला?"

"मला," मी म्हणाले.

तिसरी भटकंती किनवटच्या बाजूच्या रानात होती. जाऊ नये असं मनात आलं होतं, पण न जाणं म्हणजे हरणं वाटत होतं, आणि मी तेव्हा हरायच्या तयारीत नव्हते. पहिल्या मुक्कामाला मी सगळ्यांपासून दहा-बारा पावलांवर, उघड दिसेल अशा ठिकाणी बसले. बर्नर पेटवला. येसराचा वास सुटला तशी दोन-तीन डोकी वळली. तिकडे मॅडम अकरा जणांचं एकटीने करत होत्या. धुराने डोळे पुसत होत्या, भाकऱ्या उलटत होत्या. मी माझ्या वाडग्यात भाकर कुस्करली आणि सगळ्यांच्या आधी जेवायला सुरुवात केली.

आमच्यात कुणी न जेवता समोर बसलं असेल तर घास उतरत नाही. लहानपणापासून तसं शिकवलेलं. आलेल्याला निदान "या जेवायला" म्हणायचं, नसलं तरी म्हणायचं. मी म्हणाले नाही. घास कसा उतरला ते मलाच माहीत. पण मी शेवटपर्यंत खाल्लं, बोटं चाटली, आणि वाडगा घासून पालथा ठेवला.

काका सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मी चाळीस वर्षं रानं मोजली. एकटं खाणारं माणूस म्या बघितलं नव्हतं."

मी म्हणाले, "करणाऱ्या हाताकडं बघितलं नसंल तुम्ही."

मेडिकलचं दुकान चालवणारा एक जण होता गटात, शांत माणूस. तो हळूच हसला आणि काकांनी बघितल्याबरोबर गप्प झाला. त्यानंतर माझ्याशी कुणी बोललं नाही. सकाळी सगळ्यांसाठी चहा झाला, मला विचारलं नाही. मी माझा केला.

दुसऱ्या दिवशी दुपारी एका ओढ्यापाशी जेवणाला थांबलो. ओढ्यात डबकी होती, हिरवं पाणी. प्यायचं पाणी मागच्या गावातून बाटल्यांत भरून आणलेलं. मॅडमनी बूट काढून चप्पल घातली, दगड मांडले, मोठ्या पातेल्यात वरण ठेवलं. एकट्या होत्या. भात आधी झाला होता. मी माझ्या जागी माझ्या पातेल्याशी.

आता जे सांगते ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. वरण उतरवायची वेळ झाली तेव्हा मॅडमनी दोन्ही हातांत फडकी घेतली आणि मान वर केली. ते भरलेलं पातेलं एका माणसाने उतरवण्यासारखं नव्हतं. पुरुष सगळे ओढ्याच्या पलीकडे सावलीत होते. मॅडमनी माझ्याकडे बघितलं. हाक मारली नाही. त्यांचा स्वभाव हाक मारायचा नव्हता. फक्त बघितलं, दोन क्षण, आणि मला नीट कळलं होतं त्या कशासाठी बघतायत. मी खाली माझ्या वाडग्यात बघितलं.

मग दगड सरकल्याचा आवाज आला, आणि मॅडम ओरडल्या.

उकळतं वरण त्यांच्या उजव्या पावलावर पडलं होतं, घोट्यापासून बोटांपर्यंत. मी कधी उठले ते आठवत नाही. त्यांना खाली बसवलं, चप्पल काढली आणि माझी बाटली त्यांच्या पायावर ओतायला लागले. प्रयोगशाळेत भिंतीवर लिहिलेलं असतं, भाजलं तर पाणी, भरपूर पाणी, बराच वेळ. मी पोरांना दरवर्षी घोकून घेते. पायाखाली परात सरकवली, म्हणजे खाली पडलेलं पाणी पुन्हा वापरता येईल.

माझी बाटली संपली. मॅडमची संपली. मी ओरडले, "बाटल्या द्या सगळ्यांच्या!"

एक जण टूथपेस्ट घेऊन आला. मी त्याचा हात झटकला. दुसऱ्याने हळद काढली.

"काही लावायचं नाही! पाणी द्या!"

काका समोर येऊन उभे राहिले. "अहो ताई, प्यायचं पाणी हाय ते. पुढं सात किलोमीटर थेंब न्हाई."

"मग पुढं जाऊ नका."

"तुम्ही ठरवणार का? कालपासून वेगळी चूल मांडून बसल्या, आणि आता—"

"काका, बाटली द्या न्हाईतर मी हिसकून घेईन."

खरंच घेतली असती. काकांनी बाटली पाठीमागे धरली होती, लहान पोरासारखी. मेडिकलवाल्याने मग पुढे होऊन आपल्या दोन्ही बाटल्या माझ्याजवळ ठेवल्या आणि काकांकडे न बघता म्हणाला, "ताईचं बरोबर हाय. पाणीच पाहिजे." त्याला हे पहिल्यापासून माहीत असणार. दुकानात रोज मलम विकणारा माणूस. पण बोलायला त्याला एवढा वेळ लागला. त्याच्या मागे बाकीच्यांनी बाटल्या आणल्या. काकांची आली नाही.

वीस मिनिटं मी पाणी ओतत होते. मॅडम दात आवळून बसल्या होत्या. पाऊल लाल झालं, मग वर फोड आले. मी स्वच्छ ओढणी ओली करून सैल गुंडाळली. आधार द्यायला हात पुढे केला तर त्या म्हणाल्या, "तुझा हात नको."

पहिल्यांदाच मला अगं-तुगं केलं होतं त्यांनी.

मेडिकलवाल्याच्या खांद्यावर हात टाकून त्या रस्त्यापर्यंत आल्या. दोनेक किलोमीटर असेल, पण तास लागला. मी तिघांच्या सॅका आलटून पालटून उचलत मागून चालले. निघताना मी मागे वळून बघितलं होतं. वरण सांडलेलं, पण भात होता, चटणी होती. काका म्हणत होते, "बसा, बसून घ्या, गार होऊन राहिला." आणि ते सगळे जेवायला बसले होते.

रस्त्यावर एक काळी-पिवळी जीप मिळाली. तिने आम्ही तिघं हिमायतनगरला आलो. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी ओढणी सोडून पाय बघितला आणि विचारलं, "पाणी कुणी टाकलं?" मेडिकलवाल्याने माझ्याकडे बोट केलं. "बरं केलं," त्या म्हणाल्या. "न्हाईतर लई खोल गेलं असतं."

मॅडम छताकडे बघत म्हणाल्या, "पाणी टाकायला हात होते तिला."

डॉक्टरीणबाईंना ते कळलं नाही. मला कळलं. संध्याकाळच्या आत त्यांचा भाऊ नांदेडहून गाडी घेऊन आला आणि त्यांना घेऊन गेला. जाताना त्याने माझे आभार मानले. मॅडमनी काच वर केली.

चार दिवसांनी काकांनी गटाच्या व्हॉट्सॲपवर मोठा मजकूर टाकला. रानात शिस्त लागते, काही सभासद वेगळेपणा करतात, त्यातून एकाग्रता भंगते आणि अपघात होतात, असं. माझं नाव नव्हतं. मी लिहायला घेतलं होतं, "पातेलं अकरा जणांचं होतं आणि उचलणारी एक होती," पण पाठवायच्या आत मला गटातून काढलेलं होतं. मी फोन ठेवला आणि इतकी रडले की नवरा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. काय झालं ते मी त्याला सांगितलं नाही. त्याने त्या दिवशी पोहे केले. कच्चे राहिले होते. मी ते खाल्ले.

रडले कारण काकांचा मजकूर खोटा होता, आणि त्यातलं वेगळेपणाचं एक वाक्य खरं होतं.

मॅडमना मी तीनदा फोन केला. उचलला नाही.

मग उन्हाळा सरता सरता कॉलेजच्या कामाने नांदेडला गेले होते, आणि परतताना बसस्टँडवर त्या दिसल्या. देगलूरच्या गाडीसाठी थांबलेल्या. पायात सँडल, आणि उजव्या पावलावर गुलाबी पांढरट डाग, नकाशासारखा नाही, नुसताच डाग. पळून जावंसं वाटलं. पण त्यांनी मला बघितलं होतं. मी शेजारी जाऊन बसले.

"पाय कसा आहे?"

"चालते," त्या म्हणाल्या. "गटात पण जाऊन राहिले परत. मागच्या महिन्यात गेले होते."

"स्वयंपाक?"

"मीच करते. अजून कोण करणार?"

मला राहवलं नाही. "मॅडम, मी काकांशी भांडत होते. तुमच्याशी नाही."

त्या माझ्याकडे वळल्या. आवाज चढवला नाही, पण शेजारचा माणूस उठून पुढच्या बाकावर गेला.

"काकाचं काय गेलं सांग मला. त्या दिवशी बी जेवला तो. तू वेगळी बसलीस तेव्हा कुणाच्या भाकऱ्या वाढल्या? त्याच्या? सहा वर्षांमागं मी यायचं म्हणले तेव्हा मला नेत नव्हते हे लोक. बाई माणूस, कुठं सांभाळायचं, म्हणायचे. मी म्हणले, मी तुमच्या भाकरी करीन. मग नेलं. भाकरीवर घेतली मी ती जागा. आणि तू आली, नवी सॅक घेऊन, आन् पहिल्याच दिवशी विचारते पाळी कुणाची."

"तुम्हाला पाळी नको होती?"

"पाळी लागली असती तर मला कशाला नेलं असतं त्यांनी?"

मी म्हणाले, "त्या दिवशी तुम्ही बघितलं होतं माझ्याकडं. पातेलं उचलायच्या आधी."

"हाव."

"मला कळलं होतं."

"मला माहीत हाय तुला कळलं होतं."

समोर गाड्या लागत होत्या, लोक खिडकीतून रुमाल टाकून जागा धरत होते. मी विचारलं, "मी आधीच तुमच्याकडं येऊन म्हणाले असते, मॅडम, आपण दोघी मिळून हात आखडू, बघू काय करतात ते, तर तुम्ही बसल्या असत्या माझ्यासोबत?"

त्यांनी खरोखर विचार केला. मला खूश करायला हो म्हणणारी बाई नव्हती ती.

"न्हाई," त्या म्हणाल्या. "तवा न्हाई."

"आणि आता?"

देगलूरची गाडी आली. त्या उठल्या, पिशवी खांद्याला लावली. उजवा पाय किंचित जपून टाकत गर्दीकडे गेल्या. मग गर्दीच्या तोंडाशी थांबून मागे वळल्या आणि तिथूनच मोठ्याने म्हणाल्या, "मी तुला माफ केलं न्हाई, लक्षात ठेव."

"ठेवते," मी म्हणाले.

लोकांना कोपराने सारत त्या गाडीत चढल्या. लातूरच्या दोन गाड्या माझ्यासमोरून निघून गेल्या.